अप्पांनी बंद केलेलं लीकेज

अडाणी माणूस परवडला राव, त्यो निदान इचारतो तरी. आमच्या निलंग्याच्या अप्पांचं तीस वर्सं तेलाचं दुकान. त्यांनी गोव्याहून पाण्यावर पळायची जुनी वॉटर-स्कूटर आणली. धरणात दोन चकरा मारल्या की आत सगळं ऑईल सांडायचं. मेकॅनिक म्हणून मला बोलावलं.

मी म्हणलो, "अप्पा, ऑईलची टाकी गळ्यापर्यंत भरताय तुम्ही. ऑईल तापलं की फुगतं अन् हवेच्या नळीतून बाहेर येतं. बोटभर कमी भरा."

"तू मला तेल शिकवतो का?"

तिसऱ्या दिवशी फोन आला. "लीकेज बंद! नळीला बूच ठोकलं बघ."

मी धरणावर पोचेपर्यंत इंजिन जाम. टाकीत हवा जाईना, म्हणून ऑईल खाली इंजिनात उतरंना.

म्हणलो, "अप्पा, दुकानात तेलाच्या डब्याला दोन भोकं कशाला पाडता?"

"एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. हवा न्हाई गेली तर धार लागत न्हाई. एवढं बी कळंना का तुला?"

"मग हितं?"

अप्पांनी माझ्याकडं लई कीव आल्यासारखं बघितलं.

"अरे येड्या, ते गोडं तेल हाय!"