उजवीकडून येणारे सर

अकोटहून अकोल्याला निघालेल्या एसटीत निवृत्त शिक्षक जानराव गुरुजी खिडकीशी बसले होते. मागच्या बाकावर दोन तरुण बोलत होते.

"धर्मेंद्र, आमच्या शाळेच्या वेबसाइटचं पाह्यलं का? मराठी पानावर फोटो बराबर सरकतेत. उर्दू पानावर उलटे, शेवटचा पयले."

"उर्दू उजवीकून वाचतेत न बावा! फोटोबी तिकूनच धावून राहिले. कोडमंधली एक ओळ बदलली का झालं. कायचे हायेत फोटो?"

"रहीम सरांच्या निरोपाचे. वर्गातून फाटकाकडं, मंग रस्त्यानं दूर चालले. मीच मागून काढले. त्याच उन्हाळ्यात सर वारले."

"म्हंजे उर्दूत सर परत येतेत?"

"हो. पाठमोरेच. रस्त्यावरून फाटकात, फाटकातून वर्गात."

"काहीबी लेका! आजच दुरुस्त करतो."

"थांब. जहाँआरा चाची नको म्हंते."

"सरांची बायको?"

"रोज तेच पान उघडून बसते. म्हंते, शाकीब बेटा, आने दो उनको."

"मंग राहू दे. म्हातारीचं मन हाय."

"राहूच देलं होतं. पन आज सकाळी तिचा फोन आला. म्हने, कल क्लास में आके उन्होंने पलटके देखा."

"तोंड दिसते असा फोटो हाय का एखादा?"

"एकबी नाही."

"तू पाह्यलं मंग ते पान?"

"नाही. म्हनून तर तुले संग घेतलं. चाचीकडंच चाललो आपन."

मागच्या बाकावर बोलणं ऐकू आलं, की वळून पाहायची जानराव गुरुजींना वर्गातली जुनी सवय होती. अकोला येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.