कृष्णनाथाच्या पातोळ्या

खर्र... खर्र... खर्र! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हा आवाज ऐकला मी. आमची कमलाक्षी आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, नारळ खवत होती, आणि तेव्हापासून तुम्हाला सांगतो, तो आवाज आला की माझं तोंड आपोआप उघडतं, यात माझा काय गुन्हा? परवा नागपंचमीच्या आदल्या सांजेला तोच आवाज! म्हणजे पातोळ्या! हळदीच्या पानात वाफवलेल्या, आत गूळ-खोबरं... मी हळूच स्वयंपाकघरात डोकावलो, तर बाई मान वर न करता म्हणते, "तुमकां ना. हें कृष्णनाथाक."

कृष्णनाथ म्हणजे आमचा शेजारी. माझ्याच वयाचा. मी जळतो असं नाही हां, नुसतं सांगतो.

आता साखर काय मला एकट्यालाच आहे? शेतं विकली, रस्ता आला, बंगले आले, आणि त्यांच्या मागून अख्ख्या वाडीला साखर आली! पोटं पुढे आणि माणसं मागे. पूर्वी देवळात भेटलं की पावसाचं विचारायचे, आता विचारतात, "उपाशीपोटी किती आली रे?" आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण, माझ्या नातीएवढी, म्हणते, "आजोबा, रोज चालता ना?" म्हटलं, चालतो की, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत! हसली नाही. पायाचा अंगठा दाबला. "कळतं का?" म्हटलं, कळतं. कळत नव्हतं... कमलाक्षीने माझं तोंड बघितलं, तिला मात्र कळलं. त्या दिवसापासून गूळ कुलपात.

आणि हा कृष्णनाथ! शेत विकलं नाही, अंगावर चरबी नाही, चिखलाच्या पायांनी येऊन आमच्याच पायरीवर बसतो, आणि आमची बायको आपल्या हाताने वाढते, "घे रे भावा आनीक एक, तुजो घाम गळटा." घाम! जन्मभर माझ्या अंगातून काय सोलकढी गळत होती? मी जळतो असं नाही हां...

पण पंचमीला सकाळी वाफेचा वास आला आणि ठरवलं, घामच गाळायचा! माळ्यावरची कुदळ काढली, गेलो कृष्णनाथाच्या शेतावर. बांध एका जागी खचला होता, म्हटलं हा नीट करतो, भिजून घरी जातो, मग बघू कशी नाही म्हणते! दम लागला, गुडघे करकरले, पण घातला एक घाव...

"सगुणा! आरे, कितें करता? आज पंचम न्हय?" कृष्णनाथ माझ्या नावाने बोंबलत धावत आला.

हातातली कुदळ टाकली मी. पंचमीला जमिनीला लोखंड लावायचं नाही, खाली नागाची पिल्लं असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पंचमी मला आठवली ती पातोळ्यांवरून... जमिनीवरून आठवायची सवयच गेली हो, शेत विकल्यापासून.

वळलो तर बांधावर कमलाक्षी. मला शोधत आलेली. हातात ताटली, ताटलीत एकच पातोळी, एवढीशी, आणि बाजूला माझी गोळी. म्हणजे माझ्यासाठी केली होती हो तिने!

तिने खड्डा बघितला. खाली बसली, पातोळी पानासकट खड्ड्याच्या तोंडाशी ठेवली, हात जोडले. "चुकलें आमचें," नागाला म्हणाली.

आता नागावर कोण जळेल? पण राहवलं नाही. "अगो," म्हटलं, "नागाची साखर तरी तपासली गो?"

तिने गोळी माझ्या हातावर ठेवली, कुदळ उचलली आणि घराकडे चालायला लागली.