हिरव्या काचेचा कंदील

मी दर्यापूरकडचा, काळ्या मातीतला. माया बाप कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होता, अन् जिनिंग बंद झालं तवा मालकानं त्याले काय देलं, त हा पितळी कंदील. काय सांगू तुमाले, पेटवला का पूर्णेतल्या मासोया सकाय झाली म्हणून वर येत. खोटं वाटत असन त नोका मानू. पण हे खरं, का आमच्या घरची पोरगी सासरी निंगाली का बापानं हा कंदील घेऊन शिवेपर्यंत तिच्या म्होरं चालाचं. लहान्या आत्या तशाच गेल्या, बहिणी तशाच गेल्या. म्हणून काचेले आमी पाणी कदी लावलं नाई, राखेनं पुसाची, तेबी विझवून काच गार झाल्यावर.

अन् थो फोटोवाला. माया पोरीचं, वंदीचं लग्न जमलं, त म्हणे लग्नाआधीच नवरानवरीचे फोटो काढाचे, पातूरच्या लेण्यांत. कंदील द्या काका, जुना लूक येते. देला बापा. पेटवला, काच तापली, अन् काचेवर दव दिसाले पायजे म्हणून त्या शायन्यानं कपाशीवर फवारा मारावा तसं पाणी मारलं. तडाक. वंदी फोनवर रडून राह्यली, अन् थो मांगून म्हणते, काका, कायले टेन्शन घेता, आत एलईडी टाकून देतो. मले असा राग आला का कानाशी फोन तापला. वंदीनं त सांगूनच टाकलं, बाबा, कंदिलाबिगर मी घरातून निंगत नाई.

नव्या काचेसाठी अकोल्याचं जुनं शहर पालथं घातलं. एक दुकानदार म्हणे, चाचा, सेलवाला कंदील घेऊन जा. दुसरा म्हातारा, कंदिलाकडे पाहून हासला, म्हणे, ऐसी गोल पेटवाली कांच अब कोई नहीं बनाता मियाँ. मोर्णेच्या पुलावर उभा राहून मी त्या फोटोवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

मंग बापाची रीत आठवली. बाटलीले राकेलात बुडवलेला सुताचा धागा बांधाचा, पेटवाचा, अन् तापली का पाण्यात घालाची, धाग्यावरच तुटते. ज्या पाण्यानं काच गेली त्याच पाण्यानं. पण बाटली आणाची कुठून? जलमात दारूच्या थेंबाले शिवलो नाई मी, अन् अख्ख्या गावानं मले धाब्यामांगं उकंड्यावर बाटल्या उपसताना पायलं. याही, वंदीचा सासरा, म्हणे, वा, तयारी जोरात हाय. लय बाटल्या फुटल्या, तवा एक बिअरची हिरवी साधली. दोन्ही टोकं कापली, नळकांडं कंदिलात बसलं.

वंदीच्या पाठवणीले कंदील घेऊन मी म्होरं निंगालो, त उजेड पडला हिरवा. नवरदेव कच्च्या कैरीवानी दिसे. फोटोवाला धावत आला, काका, थांबा, काय लूक हाय. मी थांबलो नाई. म्हटलं, पाणी आणलं काय रे संग?

शिवेवर वंदी म्हणे, बाबा, आता घरी जा, अन् कोणासंग भांडू नोका.

नाई भांडलो. आता कंदील छपरीत टांगला हाय. वंदी सुखात हाय, सुखातच राहो. अन् त्या फोटोवाल्यालेबी एक पोरगी होवो, गोड, हट्टी, अन् तिनं लग्नात हाच कंदील मांगो. मंग ये म्हणा माया दारात. देईन, राखेनं पुसून देईन. माया हातानं.