गेनबाची दातखीळ

दातखीळ बसली म्हणता ना ऊठसूट? पाल पडली, दातखीळ. म्हातारी घोरली, दातखीळ. तर ऐका, ती पहिल्यांदा बसली कुणाला. आणि दोन काटक्या टाका त्या जाळात, विझतोय.

गेनबाची सून शेवंता अडली होती. सुईण ठकूबाई राहायची ओढ्यापल्याड. दिवस बुडाल्यावर गेनबा निघाला, तेही जवळच्या, बाभळीच्या वाटेनं. लेक म्हणाला, "बाबा, लांबनं जावा."

"मला कोण खातंय?"

ओढ्यात उतरला अन् कंदील विझला. वारा नाही, काही नाही. पेटवला. परत विझला. मग मागनं बाई कण्हायला लागली. कण्हणं ओळखीचं. लेकाची पहिली बायको, सारजा. बाळंतपणातच गेलेली. रात्रभर ओरडली होती ती, आणि हा सुईणीला आणायला उठला नव्हता. अंथरुणातनंच डाफरला होता, "गावाला ऐकवतीस काय? दात आवळून पड." सकाळी ती गार, पोर पोटातच.

गेनबा पळाला. पळतोय, पळतोय, आणि तीच बाभळ पुन्हा समोर. खाली सारजा बसलेली. पोट तसंच. पावलं उलटी. पदर मात्र डोक्यावरनं नीट, सासऱ्यापुढं घ्यावा तसा.

"कुठं निघालात, मामंजी?"

"सु... सुईणीकडं."

"अगंबाई. रात्रीचं?"

उठली. गार बोटं त्याच्या हनुवटीखाली लावली. गाडीच्या चाकाला खीळ ठोकतात ना, तशी खालनं एक थाप दिली. कट्ट.

"आता दात आवळून जावा," म्हणाली, आणि वाट सोडली.

गेनबा धडपडत ठकूबाईच्या दारात. तोंड उघडेना. डोळ्यांतनं पाणी, घशातनं नुसतं गों गों. ही सूनही आता आपल्यापायी मरणार, एवढंच त्याच्या डोक्यात. ठकूबाईनं एकदा बघितलं आणि बटवा उचलला.

"चल. सुईणीच्या दारात रात्रीचा गडी रडत आला, तर इचारायचं काय त्यात?"

नेलं त्याला लांबच्या वाटेनं.

शेवंता मोकळी झाली. मुलगी झाली. गेनबाचे दात काही मोकळे झाले नाहीत. कांदा हुंगवला, पळीचा दांडा घातला, दांडाच वाकला. मरेपर्यंत पडलेल्या दाताच्या फटीतनं शेवंता त्याला अंबील पाजायची. कधी कधी चांगली कढत असायची. ओरडता कुठं येतंय?

तवापासनं आपल्याकडं भ्यालेल्याला दातखीळ बसली म्हणतात. त्या बाभळीच्या वाटेनं कुणी जायचं नाही. हसतोस काय, सदबा? तू तर दिवसाही जाऊ नकोस. काल बायकोला काय म्हणत होतास, ते भिंतीपल्याड मला ऐकू आलंय. मग सारजाला नसेल आलं?