सकाळचा फोन

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसले होते. समोरच्या बाकावर एक निवृत्त नर्सबाई आपल्या शेजारणीला समजावत होत्या.

“वहिनी, आता तरी ज्येष्ठांच्या संघात या.”

“तिथे येऊन काय करू? सहलींना गुडघे साथ देत नाहीत आणि भाषणांना मला झोप येते.”

“भाषणांना मीही झोपते. मी सकाळच्या फोनसाठी जाते.”

“कसला फोन?”

“आपण उठलो की यादीतल्या पुढच्याला फोन करायचा. ‘उठलात का?’ एवढंच विचारायचं. नाही उचलला, तर जवळ राहणाऱ्यानं जाऊन दार वाजवायचं.”

“भलतीच कटकट.”

“परवा मी फोन उशाखाली विसरून अंघोळीला गेले. दार उघडते तर तिघं उभे. त्यातले एक काठी टेकत जिना चढून आलेले.”

“मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल.”

“झालं. मग चौघांचा चहा टाकला. एका कपापेक्षा जास्त चहा शेवटचा कधी टाकला होता, तेच आठवेना.”

“माझा मुलगा करतो की फोन, दर रविवारी.”

“करतो ना. आणि सोमवारी पडलात तर?”

शेजारणीनं पर्समधून फोन काढला.

“मला कोण करणार?”

“मी.”

“आणि मी कुणाला करायचा?”

“तुमच्या पुढे अजून कुणी नाही. येईल कुणीतरी.”

शिंपीकाकांनी गालावरचा रुमाल काढला.

“वहिनी, मला करत चला,” ते म्हणाले. “मी लवकर उठतो.”