मामांचा नंबर

माझ्या दोस्ताला, संत्याला, पिच्चर काढायचं खूळ लागलंय. त्याच्या पिच्चरमधल्या बाईचा नवरा मरतो. संत्यानं कुठंतरी वाचलं की दुःखाचे पाच टप्पे असतात. ते समजून घ्यायला म्हणून मला घेऊन थेट अर्धापूरला, माझ्या आत्याच्या शेतातल्या घरी आला. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, जाऊन सहा महिने झाले होते.

संत्यानं वही उघडली. "आत्या, आधी असं वाटलं का, की हे खरं न्हाई?"

"वाटलं की. केळीला पाणी द्यायचं होतं त्या दिवशी. म्हणलं, काम निघालं की ह्यांचं असंच असतंय."

"मग राग आला?"

"त्यो लग्नापासून हाय."

"आणि शेवटी मनानं मान्य केलं, तो टप्पा?"

तेवढ्यात लाइट आली. आत्यानं कमरेचा फोन काढून लावला आणि विहिरीवरची मोटार सुरू झाली. फोन मामांचा होता. त्यांची मोटार फोनवरून चालते, पण फक्त मामांच्याच नंबरवरून.

मी म्हणलं, "आत्या, मिस्त्रीला बोलावून तुझा नंबर टाकून घे की."

"दोनदा आला होता. वापस धाडला."

"का?" संत्यानं पेन सावरला.

"जित्तेपणी दहा हाका मारल्या तरी मोटार चालू केली न्हाई. आता लाइट आली की एका रिंगमध्ये चालू करतात. करू दे की."