कामशेतचं सर्टिफिकेट

डिसेंबर २०२३. दहिसरच्या एका दवाखान्यात शकुताई नंबर लावून बसल्या होत्या. समोर सहदेव घाडी आणि त्यांची बायको शेवंती. नुकते रिटायर झालेले सहदेव कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणार होते. क्लासवाल्यांना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

“पंखा पुसायला कधी स्टुलावर चढलात का हो?”

“तिथे स्टूल नसतं गं. उतारावरून पळायचं. मागचं कापड वाऱ्याने फुगतं आणि आपल्याला उचलतं.”

“मग वर काय करायचं?”

“बसायचं. सीट असते.”

“ते घरीही करताच.”

“पहिले दोन दिवस तर जमिनीवरच. नुसतं कापड सांभाळायला शिकवतात.”

“जन्मात एक चादर झटकली नाहीत, तुम्ही कापड सांभाळणार?”

“तीस वर्षं खुर्चीत काढली, शेवंती. एकदा तरी मनासारखं करू दे ना.”

“...मग मी पण येणार.”

“तू काय करणार तिथे?”

“डबा घेऊन बसेन.”

“सहदेव घाडी, आत या!”

ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांनी सर्टिफिकेट नाकारलं. क्लासचे भरलेले पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून शेवंतीने स्वतःचं काढलं.

शकुताई गुडघ्यांसाठी अजून त्याच दवाखान्यात जातात. पुढचं त्यांना शेवंतीनेच सांगितलं. ती आता एकटी उडते. सहदेव दरवेळी सोबत जातात आणि वारा कुठून येतोय ते खालून ओरडून सांगतात. वर काहीच ऐकू येत नाही, हे तिने त्यांना अजून सांगितलेलं नाही.